तुमचं होऊ दे

डेटाबेसमध्ये नवं इंडेक्स बनत होतं आणि शेवटच्या टप्प्यावर घोडं अडलं होतं. मी दर मिनिटाला बघत होतो, पण टक्क्यांचा आकडा ढिम्म हलेना.

"कुणीतरी जुनं काम उघडंच ठेवून गेलंय. ते बंद झाल्याशिवाय हे पुढे सरकायचं नाही," शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"कुणाचं?"

"आबांचं. कोपऱ्यातला कॉम्प्युटर."

आबा कालच रिटायर झाले. निरोपाचं भाषण झकास ठोकलं आणि कॉम्प्युटर बंद करायला विसरले. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणाचंही काम अडलं, की "तुमचं होऊ दे, मग निघतो," म्हणत ते बसून राहायचे.

"ते काम इथूनच उडवू?" तिनं विचारलं.

"नको." मी उठून कोपऱ्यात गेलो आणि रिकाम्या खुर्चीशी वाकून माउस धरला.

"आबा, आमचं होतंय. निघा तुम्ही."