बिननावाची काठी

तिसऱ्यांदा गळ रिकामा वर आला. आमिषाचा किडा कुणीतरी अलगद काढून नेला होता. बहारोमकाकांनी गळाकडे पाहिलं, मग नदीकडे, आणि गळ सुनेपुढे धरला. झुरैनीने त्याला नवा किडा टोचला.

मलेशियातल्या पेराक नदीवर त्या सकाळी स्पर्धेसाठी साठ होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. बाराची शिट्टी होईपर्यंत ज्याचा झिंगा सगळ्यांत वजनदार, तो जिंकणार. बहारोमच्या बादलीत अजून नुसतं पाणी होतं आणि शिट्टीला अर्धा तास उरला होता.

शेजारच्या होडीत आ कियोंग होता. गावात गळ-काठ्यांचं दुकान त्याचंच. त्याच्या बादलीत चार झिंगे खुडबुडत होते, त्यामुळे जीभही सुटली होती.

"पाक बहारोम, झिंगे धरायला आलात की त्यांना नक्षी दाखवायला?"

आजूबाजूच्या होड्यांत हशा पिकला. नक्षी होतीच तशी. बहारोम बांधून विकत त्या काठ्यांवर तंगूस ओवायच्या प्रत्येक कडीपाशी पाच रंगांच्या दोऱ्यांची वीण असायची, तिच्यावर काचेसारखं जाड रोगण आणि मुठीच्या वर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव. लोक हौसेने त्या काठ्या घेत आणि बैठकीच्या खोलीत टांगून ठेवत. नदीवर न्यायचा त्यांना जीव होत नसे. गेली सहा वर्षं ही वीण झुरैनीच घालत होती. नाव सासऱ्यांचं पडे, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मनातली काठी त्यांची, तिचे नुसते हात.

यंदा मात्र तिने एक काठी स्वतःच्या मनाने बांधली होती. काचतंतूचा भरीव शेंडा काचेच्या तुकड्याने तासत तासत खराट्याच्या काडीएवढा केला. पोलादी कड्या बाजूला सारून मुगाएवढ्या हलक्या कड्या निवडल्या. काठी जमिनीवर दाबून, लोळवून तिचं ताठ अंग कुठलं ते शोधलं आणि त्याच रेषेत कड्या बसवल्या. दोरा एकाच रंगाचा, रोगणाचा एकच पातळ हात. मग भीत भीत सासऱ्यांना विचारलं, हिच्यावर माझं नाव घालू का?

बहारोमनी काठी उलटीपालटी करून पाहिली होती. "बिननावाचीच राहू दे. आपल्या घरून असली उघडीबोडकी काठी बाहेर पडली, हे गावाला कळायला नको."

त्या दिवशी ती मागच्या पायरीवर बसून रडली होती. आज तीच काठी तिने न विचारता होडीत आणून ठेवली होती.

"अबा," ती हळूच म्हणाली, "भरतीचं पाणी थांबलंय. आता झिंगे ओढत नाहीत, नुसतं नांगीने धरून चाखतात. शेंडा जड लागला की सोडून देतात. ही घेऊन बघा ना."

"मोडली तर हसं होईल."

"हसं आत्ताही होतंच आहे."

ती बोलून गेली खरी. सासऱ्यांना असं उत्तर तिने कधी दिलं नव्हतं. बहारोमनी नक्षीची काठी आडवी ठेवली आणि तिच्याकडे न बघता हात पुढे केला.

गळ तळाला गेला. दहा मिनिटं काहीच झालं नाही. आ कियोंगने नव्या काठीकडे पाहून आपल्या जोडीदाराच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघं हसले. आणि शेंडा किंचित लवला. माशी बसल्यावर गवताचं पातं लवावं, तेवढाच.

बहारोमचं मनगट चाळीस वर्षांच्या सवयीने उचललं जाणार, तोच झुरैनीने त्यांचा हात धरला.

"ओढू नका, अबा. त्याला आधी नेऊ द्या."

शेंडा आणखी लवला. गळाची तंगूस हळूहळू एका बाजूला सरकू लागली. झुरैनीने मनात वीस आकडे मोजले आणि हात सोडला. बहारोमनी काठी अलगद वर घेतली तशी ती मुठीपर्यंत वाकली. इतकी वाकली, की आता मोडणार अशी झुरैनीलाच भीती वाटली. त्या काठीत तिने काय काय घातलं होतं ते तिलाच ठाऊक होतं, आणि काय काय घातलं नव्हतं तेही. खालून धक्के येत होते, काठी ते सगळे पोटात घेत होती. अखेर पाण्यातून वीतभराहून लांब निळ्या नांग्या वर आल्या. झुरैनीने हातजाळं खाली घालून झिंगा होडीत घेतला.

तेलुक इंतान गावच्या धक्क्यावर काट्याने चारशे दहा ग्रॅम दाखवले. दुसऱ्या नंबरचा झिंगा तीनशेवरसुद्धा गेला नव्हता. लोक बहारोमच्या खांद्यावर थापा मारत होते. आ कियोंगने मात्र काठी उचलली, शेंडा बोटाने वाकवून पाहिला, कड्या मोजल्या आणि मुठीच्या वर नाव शोधू लागला.

"नाव कुठाय? कुणी बांधली ही? मला दुकानात ठेवायला दहा हव्यात."

झुरैनी मान खाली घालून बादली विसळत राहिली. बहारोम घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "माझ्या सुनेने. झुरैनीने."

तिच्या हातातून बादली निसटली. आनंदाने तिला धड वरही बघवेना.

त्यांनी आ कियोंगच्या हातातून काठी काढून घेतली, तिच्यापुढे धरली आणि नेहमीच्या करड्या आवाजात सांगितलं,

"घरी गेल्यावर नाव घाल हिच्यावर. आणि वर रोगणाचा एकच हात दे, कळलं? उगाच वजन वाढवू नकोस."