बॅटरीच्या गाडीला धक्का

हंबीररावांनी किल्ली फिरवली आणि गाडी काहीच बोलली नाही. समोर नुसता एक हिरवा दिवा लागला.

"बंद पडली?" शेजारी बसलेल्या पूर्णिमाबाईंनी विचारलं. अंगावर ठेवणीतली साडी, मांडीवर दुधाची किटली.

"चालू झालीया."

"मग वरडंना ती?"

"बॅटरीची गाडी वरडत नसती."

"बरं झालं बाई. घरातलं एक तरी गप झालं."

एरवी हंबीररावांनी यावर काहीतरी सुनावलं असतं. आज त्यांचं लक्ष समोरच्या घराच्या दाराकडं होतं.

गेल्या वर्षी इंजिन कायमचं जाम झालं, तेव्हा पुण्याहून पोरगा फोनवर म्हणाला, भंगारात घाला. गल्लीचंही तेच मत पडलं. हंबीररावांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी इंजिन उपसून अंगणात ठेवलं. पूर्णिमाबाई त्यावर मिरच्या वाळवू लागल्या. मोटर आली. ती जुन्या गिअरबॉक्सला जोडायची पट्टी बसेना, म्हणून उद्यमनगरातल्या लेथवर पुन्हा पुन्हा कातून घेतली. बॅटऱ्या डिकीत जाईपर्यंत सोफ्यामागं मुक्कामाला होत्या. बाहेरच्या सोप्यात इतक्या वायरी लोंबायच्या, की पाहुणे चप्पल काढायच्या आधी 'करंट हाय काय?' असं विचारून घ्यायचे. वडिलांची गाडी, जीव अडकला असंल, असं म्हणून पूर्णिमाबाई गप्प बसल्या. म्हणजे अधनंमधनं गप्प बसल्या. परवा आरटीओची मंजुरी आली, आणि आज पहिली फेरी निघाली होती. गंगावेशीत, धारोष्ण दूध प्यायला.

पेट्रोलची होती तेव्हाही रोज सकाळी हीच फेरी असायची. आणि रोज सकाळी गाडी चालू व्हायची नाही. मेकॅनिककडं नेली की एका झटक्यात सुरू. घरी आणली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिम्म. "गाडीत कायबी दोष न्हाय," मेकॅनिक म्हणायचा, "तुमच्या गल्लीतच असंल." मग हंबीरराव खिडकीतून डोकं बाहेर काढून आभाळाला सांगायचे, "चालू हुईना!"

आभाळ काही करायचं नाही. समोरच्या घरातून प्रभुलिंगअण्णा बाहेर यायचे. बाह्या वर सारायचे आणि गाडी ढकलायचे. उतार आला की गाडी फुरफुरत सुरू व्हायची. अण्णा हात झटकून माघारी. दोघांत एक शब्द नाही.

शब्द बंदच होते. एका ताटात जेवलेले, एका बाकावर मार खाल्लेले हे दोघं. पण एका फुटबॉलच्या फायनलला त्यांच्या तालमीच्या संघाचा गोल झाला आणि रेफ्रीनं तो ऑफसाइड दिला. अख्खं स्टेडियम रेफ्रीच्या नावानं पेटलेलं असताना हंबीररावांच्या मांडीला मांडी लावून बसलेले अण्णा शेंगदाणे खात म्हणाले, "ऑफसाइडच हाय की." आपली तालीम, आपला गोल, आणि बोलणारा आपलाच माणूस! त्या दिवसापासून बोलणं संपलं. अडलेल्या गाडीला मात्र हात लावायचाच, ही गल्लीची रीत. रीत अण्णांनी कधी मोडली नाही.

"आता सुटले बिचारे अण्णा," पूर्णिमाबाई किटलीचं झाकण घट्ट करत म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हंजे काय? ह्या गाडीला धक्का कशाला लागतोय आता? रोजचा तेवढाच काय तो संबंध ऱ्हायला हुता. त्यो बी मिटला."

 हंबीररावांनी वर्षभर एकेक वायर तपासली होती. ही एवढीच तपासायची राहिली होती.

त्यांनी पाय दाबला. गाडी मांजरासारखी निघाली. अण्णा पायरीवर पेपर वाचत बसले होते. गाडी दिसली तसे ते अर्धे उठले, सवयीनं एक बाही वर सारली. गाडी आपल्या आपण पुढं गेली. अण्णा क्षणभर तसेच वाकून उभे राहिले आणि मग खाली बसले. बाही वरच राहिली.

हंबीररावांनी ते आरशात पाहिलं. गाडी थांबवली. किल्ली उलटी फिरवली. हिरवा दिवा गेला.

"अहो, बंद का केली?"

"म्या न्हाय केली. तीच पडली."

"माझ्या डोळ्यादेखत किल्ली फिरवलीसा की!"

"तू जरा बॅटरीवर चाल बघू."

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आज आभाळाकडं नाही, सरळ मागं बघितलं. घसा खाकरला. इतक्या वर्षांनी हाक तरी काय मारायची, ते सुचेना.

"ओ पावणं! जरा धक्का मारता का?"

पूर्णिमाबाईंनी कपाळाला हात लावला. "जल्मापासनं समोर ऱ्हातंय माणूस, अन् म्हणं पावणं!"

 मग पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग गाडीला पाठीमागून ओळखीचा दाब बसला आणि ती सरकू लागली. बॅटऱ्यांनी जड झालेली गाडी. अण्णांचा श्वास आत ऐकू येत होता. आज पहिल्यांदाच हंबीरराव तो कान देऊन ऐकत होते.

उतार आला. अण्णांनी हात झटकले, पण माघारी गेले नाहीत. मागचं दार उघडून आत बसले आणि रुमालानं मान पुसत म्हणाले, "आता पुरी फिरव किल्ली, हंब्या. पेट्रोलची हुती तवा अर्धीच फिरवायचास, ठावं हाय मला."

हंबीररावांचे कान लाल झाले. पूर्णिमाबाई नवऱ्याकडं बघू लागल्या. हिरवा दिवा लागला, गाडी गंगावेशीच्या वाटेला लागली.

कोपऱ्यावर वळताना मागून पुन्हा आवाज आला.

"अन् त्यो ऑफसाइडच हुता."