बावखलाकाठची वाडी

सकाळी दहा वाजता प्रिसिला सातिवलीच्या दुकानात पेट्रोलवरचा ग्रास कटर निवडत होती. नवरा वारल्यावर ती नालासोपाऱ्याला भावाकडे राहिली आणि इकडे बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठच्या तिच्या वाडीत रान माजलं. दीर सेबेस्टियन फोनवर म्हणायचा, "वहिनी, मी लक्ष ठेवतोय ना!"

"झुडपं जाड असतील तर हा घ्या, आंटी. वाडी कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"गिरीजला, क्रूसासमोर. बावखलाच्या काठाला."

"मग हाच! त्याच वाडीसाठी काल एक अंकल घेऊन गेले. म्हणाले, वहिनी देवाघरी गेली, वाडी आता माझीच. आज गिऱ्हाईक येतंय बघायला."

प्रिसिलाने तिथूनच फोन लावला. पलीकडे कटर घरघरत होता.

"सेबेस्टियन, तुझी मेलेली वहिनी बोलतेय."

कटर बंद झाला.