अक्षर नसलेला आकडा

दुपारच्या शांततेत ‘टक्’ झालं. कपड्यांच्या घड्या टाकून तिनं वळून पाहिलं. कीबोर्डजवळ कोणीच नव्हतं, तरी पडद्यावर तो रिकामा चौकोन पुन्हा उमटला होता.

ती फॉन्ट, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांची वळणं, तयार करायची. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला दिलेला आकडा कळतो; आकड्याला अक्षर नसलं, की तो रिकामा चौकोन दाखवतो. या चौकोनाच्या आकड्याला मात्र अजून कुठलंच अक्षर मिळालेलं नव्हतं. असे लाखो आकडे वाट पाहत पडलेत, या विचारानं तिच्या अंगावर नेहमीच काटा यायचा.

“काय चिवट आहेस रे,” म्हणत खुर्चीत बसून तिनं तो पुसला.

‘टक्.’ तो परत आला.

तिची चार वर्षांची लेक अजून एक शब्दही बोलली नव्हती. ती आईच्या मांडीवर चढली, आणि चौकोनावर बोट ठेवून स्वच्छ आवाजात म्हणाली,

“आई, माझं नाव सारखं का पुसतेस?”