अस्वलाचा आवाज

लाल दिवा लागला आणि अस्वलाला खोकला आला.

"कट," हेडफोनमध्ये दिग्दर्शक म्हणाला. तो रागावला नव्हता. रागवायचं त्याने सकाळीच संपवलं होतं.

मुलांच्या कार्टूनमधल्या म्हाताऱ्या अस्वलाला हे खोकणारे गृहस्थ आवाज देत, म्हणून स्टुडिओत सगळे त्यांना अस्वलकाकाच म्हणत. सिगारेट सोडून त्यांना महिना होत आला होता. ओढत होते तोवर एवढा खोकला कधी नव्हता. सोडली, आणि छातीत कुणीतरी घर बदलायला काढल्यासारखं सामान बाहेर फेकू लागलं. डॉक्टर म्हणाले होते, "चांगलं लक्षण आहे." डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला!

रेकॉर्डिंगची खोली कपाटाएवढी. भिंतींना जाड फोम, दाराला रबर, आणि आवाज नको म्हणून एसी बंद. काकांच्या मानेवरून घाम ओघळत होता. हात कापत, म्हणून कागद स्टँडवर ठेवलेला. पाय एका जागी ठरत नसत, म्हणून चपला दाराबाहेर. शिवाय सारखी भूक लागायची. मघाशी पोट गुरगुरलं आणि एक चांगला गेलेला टेक वाया गेला. रेकॉर्डिस्ट बाई काचेपलीकडे हसून हसून लाल झाल्या.

इथे काकांनी आवंढा गिळला तरी पलीकडे ऐकू जाई. पलीकडच्यांचं बोलणं मात्र त्यांनी बटण दाबलं तरच काकांना ऐकू येई. एरवी नुसते ओठ हलताना दिसत. आत्ता ते बराच वेळ हलत होते. विषय कोणता, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

शेवटी बटण दाबलं गेलं. "काका, हे जरा ऐका."

आधी जुन्या भागातलं वाक्य वाजलं. "कोण आलंय माझ्या गुहेत?" फरशीवरून लोखंडी कपाट ओढावं तसा आवाज. मग तेच वाक्य, आजचं. स्वच्छ, मऊ. एखाद्या सभ्य गृहस्थाने दारात उभं राहून चौकशी करावी तसं.

"हे अस्वल मुलांना घाबरवणार की त्यांचा गृहपाठ तपासणार?" दिग्दर्शक म्हणाला. "खोकला तेवढा अजून अस्वलाचा आहे तुमचा."

काकांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्या आवाजावर त्यांचं घर चालत होतं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

दिग्दर्शक आत आला आणि त्याने स्टँडवरच्या कागदावर एक सिगारेट ठेवली. "एकच, काका. मागच्या जिन्यात. संध्याकाळी भाग द्यायचाय. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल, आणि मला ते नकोय हो." माणूस वाईट नव्हता. त्यामुळे मनातल्या मनात शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

जिन्यात वॉचमन बसला होता. काही न विचारताच त्याने लायटर पुढे केला. सिगारेट काकांच्या बोटांत आपसूक जाऊन बसली. तोंडाला पाणी सुटलं, कानशिलं ठणकू लागली. ओढली तर छाती जाणार, नाही ओढली तर काम. वर जाणारा जिना गच्चीच्या कुलपाशी संपत होता आणि खाली जाणारा पुन्हा स्टुडिओच्याच दारात.

कुणीतरी आपल्याला चांगलं खडसावावं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांचा मोबाइल आत ड्रॉवरमध्ये जमा होता. त्यांनी वॉचमनकडे लायटरऐवजी फोन मागितला आणि पाठ असलेला एकुलता एक नंबर लावला. थोरल्या भावाच्या घरचा. खडसावण्यात भाऊ पटाईत होता.

फोन आईने उचलला. काकांचा हिरमोड झाला. आईला हल्ली माणसं ओळखू येत नसत. दर रविवारी ते फोन करत, आणि ती परक्याशी बोलावं तसं "बरं, बरं" म्हणून भावाला हाक मारी. गेला महिनाभर तर खोकल्यापायी तेवढंही झालं नव्हतं.

"आई, मी बोलतोय."

आईने विचारलं, "धाकट्या?"

काका भिंतीला टेकले.

"अरे, होतास कुठे इतकी वर्षं?" आई म्हणाली. "दर रविवारी कुणीतरी घोगरा माणूस फोन करतो. मी तुमचा मुलगा, म्हणतो. मी आपली बरं बरं म्हणते. उगाच कुणाचं मन कशाला मोडा! जेवलास का?"

"हो."

"मग बोल ना काहीतरी. ऐकू दे."

काकांचे डोळे भरून आले होते, आणि आनंदाने आले की लाजेने, हेही कळत नव्हतं.

दार किलकिलं करून दिग्दर्शकाने डोकं बाहेर काढलं. "झाली का, काका? दिवा लावू?"

तेवढ्यात छातीच्या तळाशी खवखवलं. काकांनी ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला, सिगारेट धरलेली मूठ छातीवर दाबून धरली. खोकला पायरी पायरीने वर येत घशाशी पोचला. आणि खोकला अजून अस्वलाचा होता, रविवारच्या त्या घोगऱ्या माणसाचा.

"धाकट्या?" आई विचारत होती. "अरे, आहेस ना? की गेलास परत?"