‘सापडलं नाही’ काढल्यावर

अगरबत्तीच्या एका कारखान्यासाठी पूजिताने गोदामाच्या सॉफ्टवेअरमधलं सर्च नव्याने बांधलं होतं. वस्तूचं नाव टाइप केलं की ती कुठे आहे ते दिसे. तीन वाजता कारखान्याचे लोक जयलक्ष्मीपुरम भागातल्या तिच्या ऑफिसात येणार होते. त्यांना ते पसंत पडलं तरच तिची नोकरी टिकणार होती.

“‘सापडलं नाही’ हे वाक्यच काढून टाक, मारायती. गिऱ्हाईक पळतं,” असं तिचा वरिष्ठ गुरुराज बायकांना हाक मारायच्या त्याच्या कानडी ढंगात म्हणाला होता. तिने ते काढलं.

शेवटची तपासणी म्हणून तिने कारखान्यात नसणारच अशी वस्तू लिहिली : माणसाची दाढ.

‘शिल्लक : एक. पूजिताच्या टेबलाचा खालचा खण.’

गुरुराजचा चावटपणा असणार, म्हणत तिने खण ओढला. आंबूस वास आला. कागदांवर एक पिवळी दाढ पडली होती, ओली, मुळाला गुलाबी मांसाचा दोरा चिकटलेली. वरच्या खाचेत कोथिंबीर अडकली होती. सकाळी दोशाबरोबर तिने कोथिंबिरीचीच चटणी खाल्ली होती.

स्क्रीनवर आकडा बदलला. ‘शिल्लक : दोन.’ खणात टक् असा आवाज झाला.

तिच्या तोंडात गंजासारखी चव पसरली. जिभेला मागे दोन रिकामे खड्डे लागले.

दार उघडून पाहुणे आत आले.

“स्वल्प हसत बोल हं,” गुरुराज तिच्या कानाशी कुजबुजला.

पूजिताने ओठ घट्ट मिटून घेतले.