मागचे शॉकर

कान्होजीने दुकानाच्या फळीवर गाडीचे धक्के झेलणाऱ्या शॉकरच्या दोन जोड्या मांडल्या आणि शरयूने काही न विचारता डावीकडची जोडी पुढे ओढली. ती मऊ होती. तळहाताने दाबलं की दांडा हळूच आत जायचा.

"वहिनी, ही आपल्या गाडीला नाही चालणार," कान्होजी म्हणाला.

त्याचं दुकान पडावात, स्टेशनच्या बाजूला होतं आणि ती पिकअप त्याला चांगली ठाऊक होती. जुनी अमेरिकन गाडी, लांब बॉनेट, मागे उघडा हौदा. शरयूच्या नवऱ्याने, रमाकांतने, ती भंगारातून जयेंद्रगंजातल्या घरामागे आणली होती आणि हळूहळू उभी करून तिच्यात आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. गाडी घडवली त्याने, चालवायची मात्र शरयू. आपल्यापेक्षा ती बरी चालवते हे कळल्यावर तो कायमचा शेजारच्या सीटवर जाऊन बसला होता. रविवारी उजाडता उजाडता दोघं हायवेला लागायची, पार चंबळ नदीपलीकडे जाऊन यायची. ती गाडी सोडायची आणि तो मान किंचित कलती करून, गाणं ऐकावं तसं इंजिन ऐकायचा.

मग तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि गाडीवर ताडपत्री चढली. आता कुठे तो सरळ बसू लागला होता. जवळपास फिरून यायला हरकत नाही, पण धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कान्होजीने तिला समजावून पाहिलं. हौदा रिकामा, इंजिनाचा जोर दांडगा. मऊ शॉकर घातले तर ॲक्सिलरेटर जोरात दाबताच मागची चाकं नाचतील आणि गाडी रस्ता सोडेल. कडक घातले तर रस्ता धरून ठेवील, पण प्रत्येक खड्डा पाठीत येईल. नट फिरवून मऊ-कडक करता येणारे या जुन्या गाडीला मिळतच नव्हते.

"मला जोरात न्यायचीच नाहीये," शरयू म्हणाली.

कान्होजी जरा घुटमळला. "सकाळी घरून भाऊसाहेबांचा फोन होता. म्हणाले, वहिनी मऊ मागतील, तुम्ही कडकच द्या."

ती दुकानाबाहेर आली आणि तिने घरी फोन लावला. रमाकांतने आधी कानावर हात ठेवले, मग कबूल केलं. आजाऱ्याला फिरवून आणायला ती गाडी बनवलेली नाही, तो म्हणाला. शरयूने पूर्वीसारखी हायवेला न्यावी. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसेल. वळणापर्यंतचा आवाज त्याला तिथून ऐकू येईल, पुढचं तिने परत आल्यावर सांगावं. हे सगळं तो हसत हसत बोलला. आधी मनाशी घोकून ठेवलं असावं तसं.

"आणि मी शेजारी कुणाकडे बघू?" शरयूने विचारलं.

पलीकडचं हसणं थांबलं.

"इंजिन वाया जाईल, शरयू."

"जाऊ द्या."

कान्होजीने मऊ जोडी बसवली. जोरात पळवणार नाही, असं मात्र त्याने तिच्याकडून वदवून घेतलं.

रविवारी त्यांनी हायवे सोडून जवळच्याच तिघऱ्याचा रस्ता धरला. रमाकांतच्या पाठीशी पट्टा आणि पट्ट्यामागे उशी. पहिल्या स्पीड ब्रेकरला तिने श्वास रोखून त्याच्याकडे पाहिलं. गाडी नुसती वर झाली आणि खाली झाली. त्याच्या चेहऱ्यावर कळ उमटली नाही. तिला इतकं बरं वाटलं की पुढचा ब्रेकर तिने जवळजवळ आनंदाने ओलांडला.

मागे गॅसचं सिलिंडर बांधलेला एक स्कूटरवाला त्यांना ओलांडून गेला. मग ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर गेला. रमाकांत त्या ट्रॉलीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. त्याचा तळहात डॅशबोर्डवर होता आणि त्या तळहाताखाली इंजिन नुसतं पुटपुटत होतं.

मग रस्ता सरळ झाला. समोर चिटपाखरू नव्हतं. शरयूचा पाय तिला न विचारताच दाबला गेला. इंजिनाने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी गाडीची मागची बाजू हलली. तिने पाय उचलला.

"लागलं का हो?"

"नाही," तो म्हणाला आणि त्याने डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ती तशीच थोडी पुढे गेली. मग एका कडुनिंबाखाली तिने गाडी बाजूला घेतली, न्यूट्रलला टाकली आणि हँडब्रेक ओढला. काही बिघडलं का, असं त्याने विचारलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

तिने ॲक्सिलरेटर दाबला. आधी हळू, मग आणखी, मग पूर्वी हायवेला दाबायची तेवढा. झाडावरचे पोपट एकदम उडाले. काचा थरथरल्या. गाडी जागची हलली नाही. रमाकांतची मान किंचित कलली.

बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच, तो तिच्याकडे झुकला.

"कुठवर आलो?" त्याने विचारलं.

शरयूने समोर पाहिलं. काचेपलीकडे कडुनिंबाचा बुंधा होता.

"चंबळ ओलांडली," ती म्हणाली आणि तिने पाय आणखी दाबला.